कोवळ्या शिक्र्याचा फोटो

चिमण्यांसाठी दाणे ठेवलेल्या जागी शिकारीला येणाऱ्या कोवळ्या शिक्र्याचा झेपेतला फोटो सर्वांनाच हवा असतो. माझ्या मते स्वस्थ बसलेल्या पक्ष्याचा समोरून टिपलेला फोटो अधिक मोलाचा, कारण त्याचं वय छातीवर दिसतं. कोवळ्या पक्ष्याच्या छातीवर तपकिरी उभे ठिपके आणि रेघा, तर प्रौढाच्या छातीवर बारीक तांबूस आडवे पट्टे. प्रौढ नराचा डोळा लाल, कोवळ्याचा पिवळसर. झेपेत हे सारं पुसट होतं. फोटोसाठी आमिष मात्र कधीच लावू नये, कारण कोवळ्या पक्ष्याचं हे शिकार शिकण्याचं वय असतं. चिमण्या मरतात म्हणून त्याला हुसकावावं, असं काहींना वाटतं. पण सरडे आणि मोठे कीटकही तो खातो, शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं त्याला संरक्षण आहे. चिमण्यांसाठी दाण्यांजवळ लपायला दाट झुडूप असावं.