आशाताईंच्या वहीत न मावणारे काम

आरोग्यसेवा आणि समाजसेवा यांची सांगड घालावी, असे धोरणांच्या कागदांत वारंवार लिहिले जाते. ती प्रत्यक्षात कोण घालते, याचा शोध घेताना मी दरवेळी जामखेडला येऊन थांबतो.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. भाग अवर्षणाचा. लोकांना औषधाआधी अन्न आणि पाणी हवे होते. मुलाचे जुलाब औषधाने थांबत. पाणी तेच असल्याने पुन्हा लागत. म्हणून कूपनलिका, मुलांचा आहार, शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे ही कामे आरोग्य प्रकल्पाचाच भाग झाली.

गावोगावी आधी शिकलेल्या परिचारिका ठेवून पाहिल्या. ते जमले नाही. मग गावातलीच बाई निवडून तिला आरोग्यसेविका करायचे ठरले. यांतल्या पुष्कळ जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित. त्या जामखेडला येऊन शिकत, एकत्र राहत, एकत्र जेवत. वेगवेगळ्या जातींच्या बायकांनी एका पंगतीला बसणे हाही त्या शिक्षणातला धडाच होता.

माझ्या मते सांगड घातली गेली ती इथे. मुलाचे वजन करणे हे आरोग्याचे काम. पण आई मजुरीला गेल्यावर त्याला भरवते कोण, सगळ्यांचे जेवण झाल्यावर बाईच्या ताटात काय उरते, वस्तीवर पाणी कुठून येते, हे त्या सेविकेला विचारावे लागत नसे. ती स्वतः त्यातूनच आलेली असे. आणि कळलेली गोष्ट घेऊन जायला तिच्यापाशी जागा होती : महिला मंडळ, शेतकरी मंडळ आणि पाठीशी दवाखाना.

१९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने अशा प्रयोगांवर काढलेल्या पुस्तकात जामखेडचा समावेश झाला. १९७८च्या आल्मा-आटा जाहीरनाम्याने अन्न, शुद्ध पाणी आणि स्वच्छता यांना प्राथमिक आरोग्यसेवेत स्थान दिले. आणि २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून साधारण हजार वस्तीमागे एक आशाताई आली. आज देशात त्या दहा लाखांच्या घरात आहेत.

आशाताईही गावातलीच. मात्र सरकारदरबारी ती स्वयंसेविका, आणि तिचा मोबदला मुख्यतः कामागणिक. दवाखान्यात बाळंतपण झाले, तर तिने तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत बाळाच्या घरी सहा भेटी द्यायच्या. घरी जाऊन नवजात बाळ जपण्याच्या या पद्धतीमागे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी केलेले काम आहे. भेटींना पैसे जोडल्याने भेटी होतात, हे मान्य करायला हवे.

पण समजा, तिसऱ्या दिवशी बाळ ठीक आहे आणि बाळंतीण अर्धपोटी आहे. आशाताई सासूची समजूत घालते, रेशनकार्डावर सुनेचे नाव लावायला धावपळ करते, अनुदानासाठी तिच्याबरोबर बँकेत जाते. यात दोन दिवस जातात. वहीत नोंद होते ती एका भेटीची. पुढे केंद्राने आणि राज्याने काही ठरावीक मासिक रक्कम सुरू केली. तरी या दोन दिवसांना रकाना मिळालेला नाही.

दहा लाख सेविकांचा कारभार एखाद्या प्रकल्पासारखा चालणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण जामखेडचे दोन आधार सरकारच्या आवाक्यातले आहेत. पहिला, आशाताईला कर्मचारी मानून नियमित वेतन देणे, म्हणजे रकान्याबाहेरचे कामही तिचे कामच ठरेल. दुसरा, गावातली आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. ती योजनेत आहेच. तिची बैठक दरमहा खरोखर व्हावी आणि तिथे पहिली बोलायची पाळी आशाताईची असावी. कोणत्या घरात चूल पेटली नाही, हे गावात तिच्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक असते?