वॉचमन, पाहुणा आणि वहिनीचा रिपोर्ट

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप.

आधीच सांगतो, मी कोड लिहितो, डॉक्टर नाही. मग हा विषय का? माझ्या वहिनीचं दुसऱ्यांदा मिसकॅरेज झालं. एका क्लिनिकने रक्त तपासलं आणि सांगितलं, "नॅचरल किलर पेशी जास्त आहेत. तुमची इम्युनिटीच बाळाला मारतेय." सोबत महागड्या उपचारांचं पॅकेज. वहिनी घरी येऊन एवढंच म्हणाली, "भाऊजी, म्हणजे मीच...?" वाक्य तिने पूर्ण केलं नाही. तिला विचारूनच हे सांगतोय.

त्या रात्रीपासून मी वाचायला लागलो. प्रश्न खरंच भारी आहे. बाळाचे निम्मे जीन्स वडिलांचे. दुसऱ्याची किडनी बसवली तर शरीर ती नाकारतं, मग बाळ नऊ महिने कसं टिकतं? १९५३ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी हाच प्रश्न मांडला होता.

आपल्याला वाटतं, गरोदरपणात प्रतिकारशक्ती झोपी जात असेल. फायरवॉल बंद! पण तसं नाही. बाळाकडून गर्भाशयात शिरणाऱ्या वारेच्या पेशी आपलं नेहमीचं ओळखपत्र बरंचसं झाकतात आणि एचएलए-जी नावाचं वेगळंच दाखवतात. त्याचा अर्थ साधारण असा, 'मी आपलाच आहे'. शिवाय नियामक टी-पेशी बाकीच्यांना आवरतात.

आता ऐका गंमत. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाशयाच्या अस्तरातल्या पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के याच 'नॅचरल किलर' असतात! नाव किलर, पण इथे त्या मारत नाहीत. आईच्या रक्तवाहिन्या रुंद व्हायला मदत करतात, म्हणजे वारेपर्यंत भरपूर रक्त पोचतं. वॉचमनच पाहुण्यासाठी रस्ता करून देतो म्हणा ना. हे काम नीट झालं नाही, तर पुढे आईचं बीपी वाढण्याचा आणि बाळाची वाढ खुंटण्याचा धोका असतो.

आणि हाताच्या शिरेतून काढलेल्या रक्तातल्या किलर पेशी वेगळ्या, गर्भाशयातल्या वेगळ्या. गेटवरचे वॉचमन मोजून घरात काय चाललंय ते कळतं का? म्हणून त्या एका आकड्यावरून उपचार ठरवणं पटण्यासारखं नाही. नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी बायकोला टोचायचीही एक पद्धत होती. २००२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने सांगितलं, हे फक्त परवानगी घेतलेल्या संशोधनातच करा.

मग प्रतिकारशक्तीचा दोष कधीच नसतो का? असतो. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम हे त्याचं पक्कं उदाहरण. यात शरीर चुकीच्या अँटिबॉडी बनवतं. त्यामुळे रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, वारेच्या वाढीतही अडथळा येतो. दोन किंवा जास्त मिसकॅरेज झाली असतील, तर डॉक्टरांना ही तपासणी जरूर विचारा. रक्ताच्या तीन चाचण्या असतात: ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटी-बीटा-टू-ग्लायकोप्रोटीन-वन. एकदा पॉझिटिव्ह आली म्हणजे निदान झालं असं नाही. किमान बारा आठवड्यांनी परत करावी लागते, कारण साध्या इन्फेक्शननेही ती तात्पुरती पॉझिटिव्ह येते. निदान पक्कं झालं, तर कमी डोसची अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिनची इंजेक्शनं देतात. मनाने मात्र एकही गोळी घेऊ नका.

आणि हे तर प्रत्येक घरात माहीत हवं: सुरुवातीच्या काळात होणाऱ्या मिसकॅरेजपैकी निम्म्यांच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांतल्या बिघाडामुळे होतात. पपई खाल्ली, जिना चढली, ऑफिसचा ताण घेतला, म्हणून नाही.

आम्ही ते पॅकेज घेतलं नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी या तीन चाचण्या केल्या. त्यातली एक पॉझिटिव्ह आली. बारा आठवडे पुढच्या महिन्यात पूर्ण होतील, मग परत चाचणी. काय निघेल, माहीत नाही. पण परवा वहिनीला किलर पेशींची ही रस्त्याची गोष्ट सांगितली, तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे त्या बिचाऱ्या कामच करत होत्या."

हा भाग अशाच एखाद्या वहिनीला, ताईला, मैत्रिणीला पाठवा. आणि हो, तिच्या नवऱ्यालाही. भेटू पुढच्या भागात!