रस्त्यावरचा पेहराव : गिन्झा आणि बरुआसागर

सौंदर्य पाहावयाचे तर संग्रहालयात जावे, अशी आपली समजूत असते. जपानी रसिकाने मात्र ते चहाच्या ओबडधोबड पेल्यात, फाटक्या कपड्याच्या ठिगळात आणि रस्त्याने जाणाऱ्या माणसाच्या अंगावरही शोधले.

१९२३ च्या भूकंपाने टोकियो उद्ध्वस्त झाले. शहर पुन्हा उभे राहत असताना, १९२५ साली, कोन वाजिरो हे वास्तुशास्त्राचे अध्यापक सहकाऱ्यांसह गिन्झा या प्रसिद्ध बाजाररस्त्यावर उभे राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे कपडे चक्क मोजू लागले. टोप्या, केशरचना, पादत्राणे, सारे त्यांनी टिपले. पुरुषांपैकी शेकडा ६७ पाश्चात्त्य वेषात आढळले. स्त्रियांपैकी अवघी शेकडा १! परंपरा जपण्याचे काम स्त्रीवर सोपवून आपण पाटलोण चढवावी, ही पुरुषी रीत आपल्यालाही अपरिचित नाही. पुढे १९९७ पासून 'फ्रूट्स' या मासिकाने टोकियोच्याच हाराजुकू भागातील तरुणांच्या चित्रविचित्र पोशाखांची छायाचित्रे वीस वर्षे छापली. त्या गर्दीत पुढे होत्या त्या मुली. गिन्झातील त्या किमोनोधारी स्त्रियांच्या या नाती-पणत्याच म्हणावयाच्या.

या आवडीनिवडीची मुळे जुनी आहेत. तोकुगावा राजवटीत व्यापारी व कारागिरांना उंची रेशीम आणि भडक रंग वापरण्यास वेळोवेळी मनाई होई. नगरवासीयांनी मग तपकिरी, करडा आणि निळीचा रंग यांतच असंख्य छटा शोधल्या, आणि श्रीमंती अंगरख्याच्या अस्तरात दडवली! या संयत ऐटीला 'इकी' म्हणतात. कुकी शूझो या तत्त्वज्ञाने १९३० मध्ये तिच्यावर ग्रंथच लिहिला.

वाचकहो, हीच नजर घेऊन आता आपल्याच देशातील एका लहान गावी चला. झाशीहून खजुराहोच्या वाटेवर सुमारे वीस किलोमीटरवर बरुआसागर लागते. ओरछाच्या राजा उदित सिंहाने अठराव्या शतकात बांध घालून येथील तलाव निर्माण केला. प्रवासी तो पाहतात, किल्ला पाहतात, प्रतिहारकालीन जराईचा मठ पाहतात. आले आणि भाजीपाल्याच्या बाजारात जमलेली माणसे मात्र कोणी पाहत नाही.

वास्तविक पाहण्याजोगे तेथेच अधिक आहे. शर्ट-पाटलोण घातलेल्या शेतकऱ्याच्या खांद्यावरील साफी पाहा. उन्हात ती डोक्याला फेटा होते, घाम पुसते, प्रसंगी बाजारची गाठोडीही बांधते. एकाच न शिवलेल्या वस्त्राची ही चतुराई जपानी माणसाला लगेच उमगेल, कारण त्याचा किमोनोही अरुंद कापडाच्या सरळ पट्ट्यांतून, जवळजवळ काहीही वाया न घालवता बेतलेला असतो. बुंदेलखंडातील जुन्या पिढीच्या कष्टकरी स्त्रिया धोती काच मारून नेसत. आपल्या नऊवारीच्या कासोट्याची ही सख्खी बहीण, आणि जपानी शेतकरणीच्या 'मोन्पे' या सैल विजारीची दूरची नातलग. तिन्हींचा हेतू एकच : वाकताना, चालताना पाय मोकळे राहावेत. आज तरुण मुलींच्या अंगावर ती काच दिसत नाही. ज्या आज्यांना ती नेसता येते, त्यांच्याकडून ती शिकून, निदान रेखाटून ठेवण्याचे काम अद्याप करता येईल.

तेव्हा ओरछा पाहून खजुराहोकडे निघालात, तर बरुआसागरच्या बाजारात अर्धा तास थांबा. वहीच्या पानावर दोन रकाने आखा, एक पुरुषांचा, एक स्त्रियांचा. आणि पादत्राणेही टिपावयास विसरू नका.