चुंबकीय तरंगण प्रकल्पातील वीजपुरवठ्याचे दोष

विद्युतचुंबकाच्या साहाय्याने एखादी लहान वस्तू अधांतरी धरणाऱ्या हौशी किंवा शालेय उपकरणात अपुऱ्या वा अस्थिर वीजपुरवठ्यामुळे जे बिघाड उद्भवतात, त्यांना वीजपुरवठ्याचे दोष म्हणतात. वस्तू थरथरणे, वर खेचली जाऊन चिकटणे किंवा काही वेळाने खाली पडणे ही त्यांची लक्षणे होत. नियंत्रक मंडलातील चुकीमुळेही हीच लक्षणे दिसतात. म्हणून निदान करताना प्रथम या दोन कारणांची फारकत करावी लागते.

कार्यपद्धती

सॅम्युअल अर्नशॉ यांनी १८४२ मध्ये मांडलेल्या प्रमेयानुसार केवळ स्थिर कायमचुंबकांच्या बलावर वस्तू स्थिर समतोलात अधांतरी राहू शकत नाही. यास्तव हॉल संवेदक वस्तूचे अंतर सतत ओळखतो आणि नियंत्रक त्यानुसार वेटोळ्यातील विद्युतधारा सेकंदाला शेकडो वेळा कमीजास्त करतो. ६ ओहम रोधाच्या वेटोळ्याला १२ व्होल्ट दिल्यास २ अँपिअर धारा वाहते, म्हणजे २४ वॅट शक्ती लागते. दिव्याचा भार स्थिर असतो. हा भार मात्र क्षणोक्षणी उसळतो.

प्रमुख दोष

सामाईक तार : वेटोळे आणि संवेदक यांची परतीची तार एकच असून तिचा रोध ०.२ ओहम असल्यास २ अँपिअर धारेने ०.४ व्होल्ट विद्युतदाब तारेतच खर्ची पडतो. अनेक हॉल संवेदकांचा मूळ निर्गत दाब पुरवठ्याच्या निम्मा असतो. त्यामुळे तो सुमारे ०.२ व्होल्टने सरकतो. वस्तू हलली नसतानाही ती हलली असे नियंत्रकास वाटते व थरथर सुरू होते.

अपुरे धारित्र : भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने रोहित्र व ब्रिज रेक्टिफायर वापरल्यास दाबात १०० हर्ट्झचे तरंग उरतात. २ अँपिअर भारावर ४,७०० मायक्रोफॅरड धारित्र असूनही हा चढउतार सुमारे ४ व्होल्टपर्यंत जातो.

अतिभार संरक्षण : क्षमतेपेक्षा अधिक धारा मागितल्यास अनेक ॲडॉप्टर स्वतः बंद होऊन पुन्हा सुरू होतात. वस्तू ठरावीक अंतराने पडत असल्यास प्रथम हाच संशय घ्यावा.

डायोडचा अभाव : वेटोळ्यातील धारा तोडताच उच्च दाबाचा झटका निर्माण होतो व मॉसफेट निकामी होऊ शकतो. वेटोळ्याला समांतर डायोड हवा. मात्र तो उलट जोडल्यास वेटोळे चालू होताच पुरवठ्याचे लघुमंडल होते.

तापमान : तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. वेटोळे ५० अंशांनी तापल्यास ६ ओहमचे सुमारे ७.२ ओहम होतात आणि धारा २ वरून १.७ अँपिअरच्या आसपास उतरते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत पोहोचतो. हिवाळ्यातील विज्ञान प्रदर्शनात नीट चाललेले उपकरण तेव्हा काही मिनिटांतच वस्तू सोडू शकते. १२ व्होल्टवरून ५ व्होल्ट देणारा ७८०५ हा नियामकही ०.३ अँपिअर भारावर २.१ वॅट उष्णता निर्माण करतो. त्यास उष्णताशोषक पट्टी न लावल्यास तो तापून बंद पडतो.

निदान

मल्टिमीटर सरासरी दाब दाखवतो. क्षणिक घसरण त्यावर दिसत नाही. ऑसिलोस्कोप नसल्यास दोन सोप्या चाचण्या पुरेशा ठरतात. पहिलीत संवेदक व नियंत्रक यांना वेगळ्या बॅटरीवर चालवून दोन्ही पुरवठ्यांचे ऋण टोक एकाच बिंदूवर जोडावे. थरथर थांबल्यास दोष पुरवठ्यात किंवा तारांच्या जोडणीत असतो; न थांबल्यास नियंत्रकाची जुळवणी तपासावी. दुसरीत वेटोळ्याच्या जागी ६ ओहम, ५० वॅटचा रोधक जोडून दहा मिनिटे दाब मोजावा. तो १२ व्होल्टच्या आसपास टिकल्यास ॲडॉप्टर सक्षम आहे आणि वस्तू उशिरा पडण्याचे कारण बहुधा वेटोळ्याच्या तापण्यात आहे, असे समजावे.

दक्षता

२३० व्होल्टच्या बाजूला हात लावण्यापूर्वी प्लग काढावा. मोठी धारित्रे पुरवठा बंद केल्यावरही भारित राहतात. ती रोधकाद्वारे रिकामी करावीत. चाचणीनंतर रोधक तापलेला असतो, म्हणून तो थंड झाल्यावरच हाताळावा. योग्य क्षमतेचा फ्यूज वेटोळ्याच्या पुरवठ्यात असणे आवश्यक आहे.