मॅग्नम काडतूस : धारकता, वेग आणि कार्यक्षमता यांचा समतोल

प्रस्तावना

मद्याच्या मोठ्या बाटलीचे ‘मॅग्नम’ हे नाव पुढे मोठ्या कवचाच्या काडतुसांना मिळाले. कवच मोठे म्हणजे दारू अधिक आणि वेगही त्याच प्रमाणात अधिक, असा सर्वसाधारण समज असतो. प्रस्तुत लेखात ११.७ ग्रॅम वजनाची व ७.८२ मि.मी. व्यासाची गोळी डागणाऱ्या तीन अमेरिकी काडतुसांच्या आधारे या समजाची तपासणी केली आहे.

धारकता आणि वेग

कवचाची धारकता त्यात मावणाऱ्या पाण्याच्या वजनाने मोजतात. .३०८ विंचेस्टर (१९५२) या काडतुसाची धारकता सुमारे ३.६ ग्रॅम, .३०-०६ स्प्रिंगफील्डची (१९०६) ४.४ ग्रॅम आणि .३०० विंचेस्टर मॅग्नमची (१९६३) ६ ग्रॅम आहे. त्यांच्या गोळीचा नळीच्या मुखाशी असणारा वेग अनुक्रमे सेकंदाला सुमारे ८००, ८२३ व ९०० मीटर असतो. स्प्रिंगफील्डच्या तुलनेत मॅग्नमची धारकता सुमारे ३६ टक्क्यांनी वाढते. वेग मात्र केवळ ९ टक्क्यांनी. धारकतेतील वाढीच्या साधारणतः एक चतुर्थांश वाढ वेगात होते, हा व्यवहारातील नियम येथे प्रत्ययास येतो.

कार्यक्षमतेचा ऱ्हास

धारकतेच्या प्रत्येक ग्रॅममागे गोळीला मिळणारी ऊर्जा या तिन्हींत अनुक्रमे सुमारे १०४०, ९०० व ७९० ज्यूल भरते. या ऱ्हासाची कारणे दोन आहेत. पहिले असे की, जळालेल्या दारूचा वायू स्वतःही गोळीमागून धावतो. म्हणून गणितात दारूच्या वजनाचा साधारण एक तृतीयांश भाग गोळीच्या वजनात मिळवावा लागतो. दुसरे असे की, नळीचे आकारमान तेवढेच राहिल्याने वायूला प्रसरणास तुलनेने कमी वाव मिळतो आणि बरीच ऊर्जा मुखातून वाया जाते. दाब वाढवून ही तूट भरून काढता येत नाही, कारण कवच व बंदुकीची यंत्रणा यांच्या बळकटीने दाबाची मर्यादा ठरलेली असते.

या वेगाचे मोल अन्यत्रही चुकवावे लागते. समान वजनाच्या रायफलीत मॅग्नमच्या गोळीची ऊर्जा सुमारे २० टक्क्यांनी वाढते, तर खांद्यावरील धक्क्याची ऊर्जा जवळजवळ एक तृतीयांशाने. अधिक दारूच्या उष्णतेने नळीच्या आरंभीच्या भागाची झीजही लवकर होते.

समतोलाचा शोध

२००१ मधील .३०० विंचेस्टर शॉर्ट मॅग्नमने सुमारे ५.२ ग्रॅम धारकतेत जवळपास तेवढाच वेग साधला; त्यासाठी आखूड व रुंद कवच आणि किंचित अधिक दाबमर्यादा स्वीकारण्यात आली. दुसरा मार्ग गोळीच्या आकाराचा आहे. निमुळती गोळी हवेतील वेग टिकवून धरते आणि त्यासाठी जादा दारू लागत नाही.

निष्कर्ष

धारकता हे वेग वाढविण्याचे साधन खरे; परंतु प्रत्येक पायरीवर त्याचे फळ घटत जाते. दूर अंतरावर सपाट मार्ग आवश्यक असेल तेथे मॅग्नमचा खर्च समर्थनीय ठरतो. जवळच्या अंतरावर मात्र लहान कवचच अधिक कार्यक्षम होय. म्हणून काडतुसाची निवड कमाल वेगावरून न करता प्रयोजनावरून करणे युक्त ठरते.