जाळायचे रॉकेट आणि घडवायचे रॉकेट

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बारामती-नीरा रस्त्याने चाललो होतो. पणदऱ्यात चहाला थांबलो. आदल्या रात्रीची मिरवणूक पार पडली होती, रस्त्यावर फटाक्यांच्या लाल कागदाचा खच पडला होता. त्या खचात दोन पोरे विझलेली रॉकेटे गोळा करत बसली होती. एकाने काडी मोडून नळी उलटी केली, तळाशी ठोकून बसवलेले मातीचे बूच नखाने कोरले आणि दुसऱ्याला विचारले, "हे भोक एवढं बारीक का ठेवलंय?" दुसरा म्हणाला, "मोठं ठेवलं तर फुस्स होईल."

वाचकहो, श्रीहरिकोट्याच्या शास्त्रज्ञांना पगार मिळतो तो याच प्रश्नावर. भोक बारीक असले की आतला वायू जोराने बाहेर पडतो आणि नळी तितक्याच जोराने उलट्या दिशेला ढकलली जाते. फार बारीक केले तर नळी फुटते, फार मोठे केले तर फुस्स होते. त्या पोराला हे कोणी शिकवलेले नव्हते. मंडळाने हजारो रुपयांची शोभेची दारू उडवली; त्यातून समाजाच्या पदरात पडले ते या दोन पोरांचे कुतूहल, आणि तेही कचऱ्यातून वेचलेले.

अमेरिकेत आणि युरोपात घरच्या वर्कशॉपमध्ये छोटी रॉकेटे बनवणारे हौशी लोक लाखांनी आहेत. या छंदाची सुरुवात कोणी केली? नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक या छोट्या शहरात बुटांचे दुकान चालवणाऱ्या ऑर्व्हिल कार्लाइल नावाच्या माणसाने. त्याला शोभेच्या दारूचा नाद होता आणि त्याचा भाऊ रॉबर्ट विमानांची मॉडेले करायचा. १९५४ साली दोघांनी मिळून पुठ्ठ्याच्या नळीचे, हलक्या लाकडाच्या पंखांचे आणि पॅराशूटने परत खाली येणारे रॉकेट तयार केले. जोडे विकणाऱ्या त्या माणसाचे रॉकेट पुढे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात गेले. आपल्याकडे चामड्याला ज्यांचे हात लागले त्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले आणि शहाणपण पोथीवाल्यांच्या घरात कोंडले. हाताने काम करणाऱ्याला पोथी नाही आणि पोथी असलेल्याला कानस धरायची लाज. टिपू सुलतानाच्या लोखंडी नळ्यांच्या बाणांनी १७८० साली पोल्लिलूरला इंग्रजांची दाणादाण उडवली. राजाचे नाव राहिले, नळ्या ठोकणाऱ्या लोहारांची नावे राहिली नाहीत.

कार्लाइलच्या रॉकेटची खुबी पोरांच्या जिवाशी निगडित आहे. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेतली पोरे वेड्यासारखी रॉकेटे करू लागली. घरात, गॅरेजमध्ये, लोखंडी पाइपांत मिळेल ते मिश्रण ठासू लागली. काहींची बोटे गेली, काही जिवानिशी गेली. तेव्हा हॅरी स्टाइन नावाच्या रॉकेट इंजिनीअरने कार्लाइलच्या पद्धतीचा हट्टाने प्रचार केला. नियम साधा होता. जळणारी मोटर कारखान्यातच तयार व्हायची, एकदा वापरून फेकून द्यायची. पोराने घडवायचे ते बाकीचे सगळे: नळी, नाक, पंख, पॅराशूट. धातूचा भाग नको. पेटवायचे ते लांबून, विजेच्या तारेने. मोटरींना ए, बी, सी अशी अक्षरे दिली आणि पुढच्या प्रत्येक अक्षराला जोर दुप्पट ठरवला. यामुळे पोरांचे डोके दारू ठासण्याऐवजी रॉकेट सरळ का जात नाही यात गुंतू लागले. पंख कोणी मागे सरकवले, कोणी नाकात वजन घातले, कोणी दोन मजली रॉकेट केले, अलीकडे तर कोणी आत कॅमेरा आणि उंची मोजणारी चिप बसवली.

आता आपल्याकडची गोष्ट. अशी मोटर आपल्याकडच्या खेळण्यांच्या दुकानात मिळत नाही. परवान्याशिवाय स्फोटके बनवणे आणि बाळगणे यावर १८८४ चा कायदा आहे, आणि त्याहून कडक असा १९०८ चा स्फोटक पदार्थांचा कायदा आहे. ज्या खात्याकडे हे परवाने आहेत त्याचे मुख्यालय आपल्या दीक्षाभूमीच्या नागपुरातच आहे. कायदा चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. नागपूरजवळ बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ रोजी ९ कामगार गेले, त्यांत ६ बाया होत्या. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या सरकारी आयुध कारखान्यात ८ कामगार गेले. जिथे सगळे नियम भिंतीवर लावलेले असतात तिथे ही गत, तर घरातल्या पत्र्याच्या शेडमध्ये काय होईल? साखरेत एक क्षार मिसळून इंधन करतात हे परदेशातल्या हौशी लोकांमुळे सर्वांना ठाऊक झाले आहे. माळेगाव आणि सोमेश्वर कारखान्यांच्या या मुलखात साखरेला तोटा नाही. म्हणून आम्ही पालकांना कळकळीने सांगतो, तो उद्योग घरात होऊ देऊ नका. आम्ही स्वतः पोरवयात काड्यापेटीचा गूल सायकलच्या स्पोकच्या निपलमध्ये भरून ठोकला होता. भुवई परत उगवायला दोन महिने लागले आणि आईने सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे बडवले. गुरूने एकलव्याचा अंगठा मागून घेतला, आपल्या पोरांचा अंगठा सुतळी बॉम्बने घ्यावा काय?

पण कायदा एक आणि त्याचा डोळा दुसरा. बंगल्यातल्या पोराने गच्चीवर धूर काढला तर 'बालवैज्ञानिक' म्हणून पेपरात फोटो येतो. वस्तीतल्या पोराच्या पिशवीत तारा, बॅटरी आणि पाइप सापडला तर काय होईल, हे आम्ही सांगायला हवे काय? २००६ साली खैरलांजीच्या निषेधाचे मोर्चे निघाले तेव्हा आपल्या पोरांवर नक्षलवादाचा शिक्का किती सहज मारला गेला, हे आपण विसरलेलो नाही.

हे फक्त आपल्याकडेच चालते असेही नाही. २०१३ साली फ्लोरिडात एका १६ वर्षांच्या काळ्या मुलीने शाळेच्या आवारात बाटलीत घरगुती वस्तूंचा एक प्रयोग केला. झाकण उडाले, थोडा धूर झाला, कोणाला खरचटलेही नाही. पोलिसांनी तिला बेड्या घालून नेले, शाळेने काढून टाकले आणि गंभीर गुन्हा लावला. ओरड झाल्यावर गुन्हा मागे घेतला. २०१५ साली टेक्सासात एका १४ वर्षांच्या मुस्लिम मुलाने घरी जुळवलेले घड्याळ शाळेत नेले, तर त्यालाही बेड्या पडल्या.

त्या मुलीच्या मदतीला कोण आले, हे ऐकण्यासारखे आहे. होमर हिकम हा वेस्ट व्हर्जिनियातल्या कोलवुड या कोळसा खाणीच्या गावातला. स्पुटनिक पाहून तो आणि त्याचे दोस्त रॉकेटे करू लागले. त्यांना महागडी प्रयोगशाळा मिळाली नव्हती. खाणीच्या वर्कशॉपमधल्या कामगारांनी आपल्या लेथवर त्यांना रॉकेटचे भाग कातून दिले. जंगलाला वणवा लावल्याचा आळही या पोरांवर आला आणि पोलीस शाळेत आले. पुढे १९६० साली त्यांनी राष्ट्रीय विज्ञान स्पर्धेत पदक जिंकले आणि हिकम नासात इंजिनीअर झाला. १९९८ साली त्याने 'रॉकेट बॉइज' हे पुस्तक लिहिले, दुसऱ्या वर्षी त्यावर सिनेमा निघाला. फ्लोरिडाची बातमी वाचून त्याने त्या मुलीला अंतराळ शिबिराला पाठवण्याचा खर्च उचलला. आळ काय असतो हे त्याला ठाऊक होते.

चळवळीतले काही कार्यकर्ते म्हणतील, इथे शिष्यवृत्त्या वेळेवर मिळत नाहीत, अत्याचार थांबत नाहीत आणि तुम्ही पोरांना खेळणी करायला सांगता! आम्ही त्यांना विचारतो, बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकले ते कोणत्या खटल्यासाठी? छंद हा रिकामटेकड्या श्रीमंताचाच हक्क आहे असे मानायचे असेल तर मनूने काय वेगळे सांगितले होते? आणि हा केवळ छंदाचाही प्रश्न नाही. १९४२ च्या ऑक्टोबरात बाबासाहेबांनी व्हाइसरॉयना जे निवेदन दिले त्यात विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या, आणि सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घ्यावे अशीही मागणी केली होती. बॅरिस्टर झालेल्या या माणसाला लेथ आणि कानशीची किंमत कळत होती. कॉलेजची मागणी आम्ही उचलली, ते योग्यच केले. वर्कशॉपची मागणी मात्र आमच्या हातून सुटली. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, देहूरोडच्या डेपोत आपल्या लोकांनी घाम गाळला. त्याच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. पण त्या कामगारांच्या हातातले कसब त्यांच्याबरोबरच निवृत्त झाले, विहारात ते कोणी शिकवले नाही.

वर्कशॉप खेड्यात चालते काय, अशी शंका असेल तर याच पुणे जिल्ह्यातल्या पाबळला जाऊन यावे. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली पोरे तिथे वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी, शेती हे करता करता शिकू लागली. २००२ साली अमेरिकेच्या एमआयटी या संस्थेच्या मदतीने तिथे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची फॅब लॅब उभी राहिली, तीही मुंबई-पुण्याच्या आधी, कोरडवाहू पाबळमध्ये! सरकारनेही २०१६ पासून निवडक शाळांना अटल टिंकरिंग लॅबसाठी २० लाखांपर्यंत अनुदान द्यायला सुरुवात केली. बारामतीत २०२२ साली विज्ञान केंद्र उभे राहिले. आम्ही त्याचे स्वागतच करतो. मात्र विचारल्याशिवाय राहवत नाही: पणदऱ्याच्या वस्तीतली मुलगी तिथे सहलीला जाऊन रांगेतून यंत्र पाहून परत येणार, की तिच्या हातात पाना पडणार?

ऑक्टोबर २०२५ मध्ये देशभरातल्या विद्यार्थ्यांनी स्वतः केलेली रॉकेटे उत्तर प्रदेशात तमकुहीराज येथे अधिकृत देखरेखीखाली उडवली. हे ठिकाण कुशीनगर जिल्ह्यात आहे. तथागतांचे महापरिनिर्वाण जिथे झाले त्याच भूमीवरून! पण तिथे पोहोचले ते कॉलेजचे विद्यार्थी. आमच्या पोरांना तिथवर जायचे असेल तर सुरुवात सातवी-आठवीत व्हायला हवी, आणि तीही दारूशिवाय.

ती होऊ शकते. कोल्ड्रिंकची दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्यायची, तिच्यात साधारण एक तृतीयांश पाणी भरायचे. तोंडाला घट्ट रबरी बूच, त्यात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह. बाटली उलटी उभी करून पंपाने हवा भरायची. कोंडलेली हवा पाण्याला खाली ढकलते आणि बाटली वर जाते. बारीक भोकाचा तोच हिशेब, फक्त जाळ नाही. स्टँडसाठी लागणारे सगळे सामान ठिबकच्या दुकानात आहे: पीव्हीसी पाइप, बॉल व्हॉल्व्ह, सोल्युशन, लॅटरलचे तुकडे. पंख जुन्या एक्सरेच्या फिल्मचे, पॅराशूट पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीचे. पंक्चरवाल्याकडच्या गेजवर पन्नास पौंडांच्या वर जायचे नाही, ओरखडे पडलेली बाटली घ्यायची नाही, काचेची तर कधीच नाही, सोडायची दोरी पंधरा पावले लांबून ओढायची. नारळाच्या झाडाच्या दुप्पट उंच ती सहज जाते.

खरी मजा पहिल्या उड्डाणानंतर आहे. रॉकेट कोलांट्या का खाते? जिथे धरले की ते आडवे तोलून राहते तिथे दोरी बांधून डोक्याभोवती फिरवून पाहावे. नाक पुढे राहिले तर ते सरळ जाईल, शेपूट पुढे आले तर नाकात थोडी ओली माती भरावी किंवा पंख मोठे करावेत. पाणी अर्धा लिटर घेतले तेव्हा किती सेकंद वर राहिले, पाऊण लिटर घेतले तेव्हा किती? वहीत लिहावे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. कोणी मोठा माणूस म्हणाला म्हणून खरे मानू नये, करून पाहावे, हे कालामांना भगवंतांनी सांगितलेच होते. उडवायला जागा मात्र ऊस तुटून गेलेल्या रानात निवडावी. उभ्या फडात पडलेली बाटली पुढच्या तोडीपर्यंत सापडत नाही.

आमची मागणी छोटी आहे. येत्या १४ एप्रिलला प्रत्येक मंडळाने शोभेच्या दारूचे पैसे एक वर्ष बाजूला काढावेत. त्यात एक व्हाइस, एक हँड ड्रिल, हॅक्सॉ, दोन कानशी, सोल्डरची पेन, पक्कड आणि गेज असलेला पंप येतो. विहाराच्या किंवा समाजमंदिराच्या एका खोलीत पत्र्याच्या कपाटात हे ठेवावे. कारखान्यातून किंवा डेपोतून निवृत्त झालेला एखादा फिटर प्रत्येक वस्तीत असतोच, रविवारी दोन तास त्याला मानाने बोलवावे. आणि कपाटाची किल्ली मंडळाच्या अध्यक्षांच्या घरी ठेवू नये. तिथे ती गेली की कपाटात पुढच्या जयंतीपर्यंत हार-तुरे आणि माइकच्या वायरी भरल्या जातात, हा आमचा अनेक गावांतला अनुभव आहे. किल्ली वस्तीतल्या नववी-दहावीच्या एखाद्या मुलीकडे द्यावी, आणि वहीही तिच्याकडेच.