जॅकला उंची द्यायची, पण कुठे?

तारापूर औद्योगिक वसाहतीतला माल बोईसरहून निघून चिल्हार फाट्याला मुंबई-अहमदाबाद महामार्गावर येतो. पूर्वी हा ८ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग होता, आता तो ४८ क्रमांकाचा आहे. पूर्वेला विक्रमगड, जव्हार, मोखाड्याकडे रस्ते चढत जातात. अशा रस्त्यांसाठी मोठे टायर घातलेल्या, जमिनीपासून बऱ्याच उंच अशा गाड्या पालघर परिसरात आता सर्रास दिसतात. त्यांचे चाक काढायची वेळ आली, की गॅरेजमधला नेहमीचा ट्रॉली जॅक तोकडा पडतो. मग त्याच्या डोक्यावर काहीतरी ठेवले जाते. कधी लाकडी गुटका, कधी पाइपचा तुकडा, तर कधी चक्क वीट!

यासाठी तयार जोडही मिळतात, आणि लेथवर असा तुकडा करून घेणे अवघड नाही. प्रश्न आहे तो किती उंच जोड घ्यायचा आणि तो कुठे टेकवायचा, हा. आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर जोडाच्या मजबुतीत शोधले जाते, आणि तिथेच गफलत होते.

जॅक म्हटले की आपण वर्गात पास्कलचा नियम सांगतो. लहान दट्ट्या, मोठा दट्ट्या, क्षेत्रफळांचे गुणोत्तर. ब्रामाने १७९५ साली याच तत्त्वावरच्या दाबयंत्राचे पेटंट घेतले, हेही सांगतो. ते सगळे बरोबरच आहे. पण पाठ जिथे संपतो तिथून पुढे अपघात सुरू होतात. गाडी जॅकवरून पडते ती बहुतेक वेळा आडवी सरकून.

आधी उंचीचा हिशोब करू. समजा, जॅकचे डोके खाली असताना जमिनीपासून १३ सेंमी आणि पूर्ण वर गेल्यावर ३८ सेंमी उंच असते. म्हणजे उचल २५ सेंमी. डोक्यावर १० सेंमीचा जोड बसवला तर हे आकडे २३ आणि ४८ होतील. उचल मात्र २५ सेंमीच राहील. जोड फक्त सुरुवात वर नेतो, उचल वाढवत नाही.

आता ८२ सेंमी व्यासाचे टायर असलेली गाडी घ्या. तिची चासी जमिनीपासून ५० सेंमीवर आहे असे धरू. चासीला जॅक लावून उचलू लागलो, तर सुरुवातीला चाक जमिनीवरून हलतच नाही. गाडीच्या वजनाने दबलेल्या स्प्रिंगा आधी सैल होतात, आणि त्यातच १२ सेंमी सहज जातात. चाक मोकळे व्हायला आणखी ५ सेंमी हवेत. म्हणजे ५० अधिक १२ अधिक ५, एकूण ६७ सेंमी. आपला जॅक ३८ पर्यंत जातो, तेव्हा जोड हवा २९ सेंमीचा.

हाच जॅक मागच्या अ‍ॅक्सलखाली लावून पाहू. चाकाचा मध्य साधारण ४० सेंमीवर असतो; अ‍ॅक्सलच्या नळीची जाडी ८ सेंमी धरली तर तिचा तळ ३६ सेंमीवर येतो. इथे स्प्रिंगा मध्ये येत नाहीत, कारण अ‍ॅक्सल आणि चाक बरोबरच वर जातात. ५ सेंमी उचलले की काम झाले. डोके पोचायला हवे ते ४१ सेंमीपर्यंत. म्हणजे ५ सेंमीचा जोड पुरे. गाडी तीच, जॅकही तोच, फक्त टेकवायची जागा बदलली, आणि जोड २९ चा ५ वर आला.

हा फरक इतका महत्त्वाचा का? पोलादाची भरीव गोल सळई, व्यास ४ सेंमी, घ्या. तिच्या छेदाचे क्षेत्रफळ साडेबारा चौरस सेंमी भरते. साध्या पोलादावर दर चौरस सेंमीला सुमारे २५०० किलो भार येईपर्यंत ते कायमचे दबत नाही. म्हणजे सरळ उभ्या दाबाखाली हा तुकडा ३१ टन पेलेल. एका मागच्या चाकावर येणारा भार ६०० किलो धरला, तर उभ्या मजबुतीची काळजीच नको. दुकानदार जाडी दाखवून जोड विकतो, तेव्हा तो हेच दाखवत असतो.

पण जोडाच्या माथ्याला आडवा धक्का बसला तर? जोड आपल्या तळाच्या कडेवर कलू पाहतो. त्याला सरळ ठेवणारे आघूर्ण म्हणजे भार गुणिले तळाची त्रिज्या : ६०० गुणिले २, म्हणजे १२०० किलो-सेंमी. कलवणारे आघूर्ण म्हणजे आडवे बल गुणिले जोडाची उंची. ५ सेंमीचा जोड कलायला २४० किलोंचा आडवा रेटा लागेल. २९ सेंमीच्या जोडाला ४१ किलो पुरतात! जोडाच्या तळाला खुंटी असते आणि ती जॅकच्या डोक्यातल्या भोकात बसते. ती थोडा आधार देते. पण २ सेंमी जाडीची खुंटी साधारण १९५० किलो-सेंमीला वाकू लागते, म्हणजे २९ सेंमीच्या जोडाच्या बाबतीत जेमतेम आणखी ६७ किलो. सरळ उभा ३१ टन पेलणारा तुकडा आडव्या १०८ किलोंना शरण जातो.

हा आडवा रेटा येतो कुठून? वर्गात फळ्यावर कंपासने काढून दाखवण्यासारखी गोष्ट आहे ही. ट्रॉली जॅकचे डोके सरळ वर जात नाही, ते कमानीत फिरते. बाहू ४० सेंमी लांब आणि त्याची बिजागरी जमिनीपासून १६ सेंमीवर असेल, तर १३ वरून ३८ सेंमीवर जाताना डोके दांड्याच्या दिशेने सुमारे साडेसहा सेंमी मागे येते. मुलांनी प्रमाणात आकृती काढून हे मोजावे. गुळगुळीत कोब्यावर यामुळे काही बिघडत नाही. जॅकच्या चाकांवर जॅकच पुढे सरकतो आणि जोड सरळ राहतो. तेवढ्यासाठीच तर त्याला चाके आहेत. पावसाळ्यातल्या मुरुमात ती चाके रुतली, की जॅक जागेवर अडतो आणि माथा गाडीला ओढू लागतो. एक तर माथा घसरतो, नाहीतर जोड कलतो. माथ्यावर रबर लावल्याने घसरणे थांबेल, कलणे नाही.

म्हणून मऊ जमिनीवर जॅकखाली रुंद, जाड फळी हवी, आणि तीही जॅकची चाके तिच्यावर पुढे सरकू शकतील एवढी लांब. ट्रकचालक वापरतात तो बाटली जॅक सरळ वर जातो, त्यामुळे त्याची ही अडचण नाही. त्याच्या डोक्यात आट्यांचा दांडा असतो, तो फिरवून वर काढला की जोड तयार. त्याच्या बुडाखालीही फळी हवीच. १२ सेंमी बाजूच्या चौकोनी बुडावर १००० किलो आले, तर जमिनीवर दर चौरस सेंमीला ७ किलो दाब पडतो. ३० सेंमी बाजूची जाड फळी घातली की तो १.१ वर येतो. अनुभवी चालक गुटका जॅकच्या डोक्यावर न ठेवता बुडाखाली घालतात, त्यामागचे भौतिकशास्त्र हे असे आहे. वीट मात्र दोन्हीकडे नको. ती तडकण्याआधी सूचना देत नाही.

जोड बसवताना जॅकचे मूळ डोके काढून भोकाचा व्यास आणि खोली व्हर्निअरने मोजावी. खुंटी भोकात चाळ न राहता बसली पाहिजे, आणि तिची लांबी भोकाच्या खोलीपेक्षा किंचित कमी असावी. खुंटी तळाला टेकली तर जोडाचा खांदा अधांतरी राहतो, सगळा भार खुंटीवर येतो आणि वर काढलेला १२०० चा आकडा कोसळतो. गोल अ‍ॅक्सलसाठी माथ्याला खोबण हवी. एकावर एक दोन जोड कधीच रचू नयेत. जोडावर आणि जॅकवर लिहिलेल्या क्षमतांपैकी लहान आकडाच खरा मानावा. बऱ्याच गाड्यांना पुढे अखंड अ‍ॅक्सल नसतो. तिथे गाडीसोबतच्या पुस्तिकेत दाखवलेलीच जागा धरावी.

उचलण्याआधी जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून दगड लावायचे. हातब्रेकवर विसंबून चालत नाही. तो बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवरच असतो आणि मागची दोन्ही चाके उचलली की निरुपयोगी होतो. गाडी वर गेली की अ‍ॅक्सलखाली घोड्या लावून भार त्यांच्यावर उतरवायचा, आणि मगच कोणी खाली जायचे. तेलाचे सील कधी गळेल हे बाहेरून दिसत नाही. उतरवताना डोके तीच कमान उलटी फिरते, म्हणून झडप अगदी थोडी उघडायची आणि जॅकला मागे सरकायला वाट मोकळी ठेवायची.